डॅशबोर्डला पॉलिश मारावं का नाही?

एप्रिल लागला की आमच्या परभणी-जालन्याच्या पट्ट्यात कार अॅक्सेसरीजच्या दुकानात डॅशबोर्ड पॉलिशच्या बाटल्या पुढं येऊन बसतात, आणि त्यावरून दोन पार्ट्या पडलेल्या असतात. एक पार्टी म्हणते उन्हाळ्यात हे मारलंच पाहिजे नाहीतर डॅश तडकतो. दुसरी म्हणते अहो ते मारल्यामुळंच तडकतो, त्यातलं सिलिकॉन व्हिनाईलमधलं, म्हणजे डॅशवरच्या मऊ प्लास्टिकच्या कातडीतलं, तेल ओढून घेतं. दोघांकडं थोडं थोडं खरं आहे, पण मूळ भानगड दुसरीकडंच आहे.

आधी आपल्या गाडीत व्हिनाईल आहे कुठं ते बघा. स्वस्तातल्या बऱ्याच गाड्यांचा डॅश कडक पॉलिप्रॉपिलीनचा असतो, नखानं वाजवला की टकटक वाजतो, त्यात सुकण्यासारखं काही नसतंच, तिथं पॉलिश मारा नाहीतर ओलं फडकं मारा, फरक फक्त दिसण्यात. खरं व्हिनाईल असतं मऊ डॅशच्या कातडीत, दरवाज्याच्या पॅडवर, बाहेरून शिवून घेतलेल्या रेक्झिनच्या सीट कव्हरमध्ये, बाईकच्या सीटवर, ट्रॅक्टरच्या गादीवर. आणि कव्हरचे पापुद्रे निघायलेत, काळी टरफलं शर्टाला चिकटायलीत, तर ते बहुतेक पीयू लेदर, म्हणजे पॉलियुरेथेनचं नकली चामडं, असतं, त्याचं दुखणं वेगळं. व्हिनाईलचे पापुद्रे नाही निघत, ते कडक होऊन तडकतं.

का तडकतं? व्हिनाईल म्हणजे पीव्हीसी, शेतात पाण्यासाठी टाकतो त्या पाईपातलंच मटेरियल. ते मुळात कडक. १९२६ मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन नावाच्या केमिस्टनं त्यात न उडणारं तेलकट द्रव मिसळून ते मऊ करायची युक्ती काढली, त्या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात, आणि मऊ व्हिनाईलमध्ये ते वजनाच्या ३०-४० टक्के सुद्धा असतं. आता गोम अशी की ते पीव्हीसीला रासायनिक बंधानं बांधलेलं नसतं, लांबलचक रेणूंच्या मधल्या जागेत नुसतं बसलेलं असतं. गरम झालं की हळूहळू वर येतं आणि उडून जातं. जातं कुठं ते बघायचं असेल तर नव्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून बोट फिरवा, चिकट धुरकट थर लागेल, ओल्या कापडानं पुसला तर अजूनच पसरतो, आणि रात्री समोरून लाईट आला की काचेवर नुसता फराटा दिसतो. त्या थरात तुमच्या डॅशमधनं निघालेलं प्लास्टिसायझर पण असतं.

ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की कशी वळते, आणि दुसऱ्या दिवशी कडक होऊन मोडते, तसंच हे. शिळ्या भाकरीला वरनं तेल लावलं तर ती चमकेल, ताजी होणार नाही.

अजून एक गोष्ट आतल्या आत चाललेली असते. उष्णतेनं आणि उजेडानं पीव्हीसीमधनं हायड्रोजन क्लोराईड सुटतं, एक रेणू सुटला की शेजारचा सुटायला सोपा जातो, साखळीच लागते, आणि फिकट रंगाचं व्हिनाईल आधी पिवळं मग तपकिरी पडतं. कंपनीनं हे थांबवायला त्यात स्टॅबिलायझर घातलेलं असतं पण ते वापरून संपत जातं, आणि संपल्यावर मात्र लय झपाट्यानं बिघडतं.

म्हणजे मुख्य दुश्मन उष्णता. अमेरिकेत अॅरिझोनातल्या उन्हाळ्यात मोजमाप घेतलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, बाहेर साधारण ३८ अंश असताना तासभर उन्हात उभ्या गाडीचा डॅश सरासरी ६९ अंशांवर गेला होता, आणि सावलीतल्या गाडीचा ४८ वर थांबला. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला असतो, तेव्हा कचेरीसमोर दिवसभर उभ्या असलेल्या गाडीचं काय होत असेल ते सांगायला नको. दहा अंश वाढले की रासायनिक क्रिया दुपटीच्या आसपास वेगानं चालते असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे ऊन आणि सावलीतला तो वीस अंशांचा फरक चौपटीच्या घरात जातो. कुठल्याही बाटलीतलं लिक्विड हे काम करू शकत नाही.

आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं यूव्ही प्रोटेक्शन, म्हणजे उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांपासून बचाव. पुढची काच दोन काचांच्या मधे प्लास्टिकची शीट घालून केलेली असते आणि ती शीट जवळजवळ सगळं अल्ट्राव्हायोलेट अडवते. म्हणजे डॅशला ज्याचा त्रास फार कमी त्याच्यावर आपण औषध घ्यायलोत. शिवाय काळ्या व्हिनाईलमध्ये बहुतेक वेळा कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, असते, ती स्वतःच यूव्ही खाते. बाजूच्या काचांमधनं मात्र यूव्ही-ए, म्हणजे यूव्हीचाच एक प्रकार, बऱ्यापैकी आत येतं, दरवाज्याच्या पॅडला आणि खिडकीकडच्या सीटला ते लागतं. आणि बाईकचं सीट, ट्रॅक्टरची गादी, उघडी जीप, इथं तर थेट ऊन. तिथं यूव्ही अडवणारं प्रोटेक्टंट मारण्यात अर्थ आहे, फक्त थर इतका पातळ असतो की घासून, धुऊन निघून जातो, वर्षातून एकदा मारून काही उपयोग नाही, परत परत मारावं लागतं.

आता सिलिकॉन तेल ओढतं का? पाण्यात फेटलेलं सिलिकॉन, जे साधारण दुधासारखं पांढरं दिसतं, ते नाही ओढत. सिलिकॉन तेल हे प्लास्टिसायझरमध्ये नीट मिसळतच नाही, नुसतं वर बसून राहतं. मग लोकांना अनुभव का येतो? कारण जुन्या व्हिनाईलवर बारीक ओरखडे असतात, त्यावर उजेड विखुरतो म्हणून ते पांढुरकं दिसतं, पॉलिश त्या खाचा भरतं आणि रंग गडद दिसतो. महिन्याभरानं थर गेला की आधीचाच डॅश आता जास्त कोरडा वाटायला लागतो. त्यात ज्याचा डॅश आधीच वाळलाय तोच जास्त पॉलिश मारतो, आणि तडकल्यावर नाव पॉलिशचं.

नुकसान करणारी बाटली वेगळी. पेट्रोलियम सॉल्व्हंटमधलं पॉलिश, रॉकेलसारखा वास येणारं, ज्वलनशील असं चिन्ह असलेलं, ते व्हिनाईलमध्ये शिरतं, त्याला फुगवतं, आणि उडून जाताना काही प्लास्टिसायझर बाहेर आणतं. सीटवरचे डाग रॉकेल नाहीतर थिनरनं काढणारे भाऊ हेच करायलेत, फक्त जास्त जोरात. घरातलं तेल पण नको. आपल्याकडं करडईचं तेल घराघरात, पण ते हवेत वाळून चिकट होणारं तेल आहे, त्यावर धूळ बसली की फडक्यानं निघत नाही, आणि तेलात प्लास्टिसायझर विरघळतं ते वेगळंच. डोक्याला चोपडलेलं तेल हेडरेस्टवर रोज लागतं तिथं व्हिनाईल आधी कडक होतं ते त्यामुळं सुद्धा. डीट असलेलं डासांचं लोशन लावलेला हात तर दरवाज्याच्या पॅडवर ठेवूच नका, ते प्लास्टिक मऊ करून ठसा उमटवतं.

मी काय करतो म्हणाल तर पुढच्या काचेला आतून चंदेरी सनशेड, जमेल तिथं कडुलिंबाची सावली, आणि धूळ पुसायला पाण्यात थोडा साधा शाम्पू. पॉलिश मारायचंच असेल तर पाण्याचं, न चमकणारं, फडक्यावर घेऊन, कारण चकचकीत डॅशचं प्रतिबिंब दुपारी काचेत दिसतं आणि समोरचा रस्ता नीट दिसत नाही. स्टिअरिंग, पेडल आणि बाईकच्या सीटवर सिलिकॉन अजिबात नको, हात-पाय घसरतात, आणि ब्रेक दाबल्यावर मागं बसलेली बाई पुढं सरकून अंगावर येते. म्हणजे उघड्या सीटला ऊन लागतं म्हणून प्रोटेक्टंट घ्यायचंच तर सिलिकॉन नसलेलं बघून घ्या, नाहीतर सरळ कापडी कव्हर घाला.

जुनी गाडी बघायला गेलात आणि डॅश ओला असल्यासारखा चमकायलाय, तर एक कोपरा साबणाच्या पाण्यानं पुसून वाळू द्या, मग काचेच्या अगदी खालच्या कडेला, जिथं ऊन सगळ्यात जास्त लागतं, तिथं अंगठ्यानं दाबून बघा. मऊ कातडीचा डॅश असेल तर दबलं की ठीक, पाईपासारखं कडक लागलं तर भाव पाडायला मोकळे.