मिल्टन ॲबस: उमरावाच्या नजरेआड वसवलेले गाव

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या मिल्टन ॲबसचा फोटो बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेला असतो. उतरत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच साच्यातून काढल्यासारखी पांढरी घरे, वर जाड शाकारलेली छपरे, पुढे हिरवळ. हे गाव असे आपोआप वाढलेले नाही. ते आखून बसवले गेले, आणि त्यासाठी आधी दुसरे एक गाव पाडावे लागले.

पाडलेल्या गावाचे नाव मिडलटन. दहाव्या शतकातल्या मठाच्या आसऱ्याने वाढलेले, स्वतःची बाजारपेठ आणि शाळा असलेले हे गाव. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ साली मठ बंद झाला, तरी गाव टिकले. १७५२ मध्ये जोसेफ डेमरने ही मालमत्ता घेतली. पुढे तो लॉर्ड मिल्टन झाला. मठाच्या जागी त्याला हवेली हवी होती आणि हवेलीसमोर मोकळे रान. ते रान घडवायला त्याने केपेबिलिटी ब्राउन या नामवंत उद्यानरचनाकाराला बोलावले. खिडकीतून दिसणारे गाव मात्र आड येत होते.

भाडेपट्टे संपतील तसतशी घरे पाडली जाऊ लागली. हॅरिसन नावाचा वकील हटेना, तेव्हा लॉर्डसाहेबांनी तळ्याची दारे उघडून त्याचे घर पाण्याखाली घातले, असे सांगतात. वकीलच तो, कोर्टात गेला आणि जिंकला, असेही सांगतात. मुलांचा उपद्रव होतो म्हणून शाळाही १७८५ मध्ये ब्लँडफर्डला हलवण्यात आली.

१७८०च्या सुमारास जवळच्या एका घळीत, हवेलीतून दिसणार नाही अशा जागी नवे गाव उभे राहिले. आखणीशी ब्राउन आणि वास्तुविशारद विल्यम चेम्बर्स या दोघांचीही नावे जोडली जातात. जुन्या मठाचे चर्च आता उमरावाच्या अंगणात गेले होते, म्हणून १७८६ मध्ये गावकऱ्यांसाठी वेगळे चर्च बांधले. जुन्या गावातला १६७४चा वृद्धाश्रम मात्र उचलून इथे आणला.

घराची खरी गंमत दर्शनी भागात आहे. मध्ये एक दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. पाहणाऱ्याला वाटावे, एका कुटुंबाचे ऐसपैस घर. प्रत्यक्षात आत दोन कुटुंबे राहत. बाहेरचा डौल येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी होता, आतली अडचण राहणाऱ्याच्या वाट्याला.

भिंती कॉबच्या, म्हणजे माती आणि पेंढा तुडवून थरावर थर रचलेल्या. एक थर सुकल्याशिवाय वरचा चढवायचा नाही. आपल्याकडच्या मातीच्या भिंतीचे दुखणे तेच यांचे: खालून ओल आणि वरून गळती. म्हणून छपराच्या वळचणी भिंतीपासून बऱ्याच पुढे काढलेल्या असतात आणि बाहेरून चुन्याचा हात दिलेला असतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि माती आतून फुगते. ही घरे आज कायद्याने संरक्षित आहेत. रंग मूळचा पिवळा होता म्हणतात, पांढरा नंतरचा. दोन घरांच्या मध्ये लावलेली हॉर्स चेस्टनटची झाडेही पुढे तोडली गेली. जे दृश्य आज ‘अस्सल जुने’ म्हणून विकले जाते, ते इतपतच अस्सल आहे.

१८५२ मध्ये ही जहागीर हॅम्ब्रो या बँकर घराण्याकडे गेली आणि १९३२ मध्ये तिचे तुकडे पडले. एका मालकाच्या मर्जीने उभ्या राहिलेल्या रांगेतली घरे त्यानंतर वेगवेगळ्या मालकांच्या हाती गेली.