सानुग्रह की बोनस? पालिका कर्मचाऱ्यांच्या दिवाळीची पार्श्वभूमी

दिवाळी तोंडावर आली की ठाण्यात आणि नवी मुंबईत पालिका कर्मचाऱ्यांच्या सानुग्रह अनुदानाचा आकडा जाहीर होतो. कर्मचारी त्याला सरळ बोनस म्हणतात. कामाची उमेद कशाने टिकते, हा वाद या दोन शब्दांपाशी येऊन अडतो.

बोनसचा कायदा १९६५ चा; नोव्हेंबर २०२५ पासून तो वेतन संहितेत सामावला गेला, तरतूद तीच राहिली. पगाराच्या किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळलं गेलं. त्यामुळे पालिका जे देते तो हक्क ठरत नाही. तो अनुग्रह, म्हणजे कृपा. मग दरवर्षी मागणीपत्र, बैठक, घोषणा. रक्कम ठरते तिजोरी आणि वाटाघाट बघून; वर्षभर कोण किती राबलं याचा हिशेब त्यात नसतो. आणखी एक पेच आहे. ठेकेदाराकडचा सफाई कामगार वेतनमर्यादेत बसत असेल, तर त्याला हाच कायदा लागू होतो. एकाच गल्लीत झाडणाऱ्या दोघांपैकी कायम कामगाराला मिळते ती कृपा, कंत्राटी कामगाराचा तो हक्क. पण या हक्कासाठी त्याला गाठावं लागतं ते ठेकेदाराला, आणि पुढच्या वर्षी काम राहील की नाही तेही त्याच्याच हातात. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

ठाण्यात १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नवी मुंबईत महापालिकेचा कारभार १९९२ मध्ये सुरू झाला, आणि तिथे बरंचसं काम कंत्राटावर देण्याची वाट धरली गेली.

पदोन्नतीची कोंडी तशी जुनीच. वरची जागा रिकामी होत नाही म्हणून आधी ‘कालबद्ध पदोन्नती’ आली, पुढे तिचं नाव ‘आश्वासित प्रगती’ झालं. सातव्या वेतन आयोगानंतर १०, २० आणि ३० वर्षांच्या टप्प्यांवर वरची वेतनश्रेणी मिळू लागली. पगार वाढतो, टेबल तेच राहतं.

१ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर सात दिवस संप झाला. ज्यांना पेन्शन कधी मिळणारच नव्हती, ते कंत्राटी कामगार या मागणीत कुठेच नव्हते.

आणि तरी नवी मुंबई स्वच्छ सर्वेक्षणात २०२० आणि २०२२ साली देशात तिसरी आली. पहाटे घंटागाडीवर उभ्या असलेल्या माणसांची मागणी आजही तीच आहे: समान काम, समान वेतन.