सुई, मैदा, कागद आणि गोंद: आपल्या हाताखाली नेमकं काय चाललेलं असतं

सुती दोऱ्याच्या एका रिळात शेकडो मीटर दोरा असतो, पण ज्या कापसापासून तो बनतो त्याचा एक तंतू असतो जेमतेम ३ सेंटीमीटरचा, आणि हे तंतू एकमेकांना जोडायला आत ना गोंद असतो ना गाठ. तरी तो दोरा आपण ताणतो, सुईत ओवतो, त्याने शिवलेले कपडे वर्षानुवर्षं धुतो पिळतो, आणि तो टिकतो. कसा काय? हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता, १६३८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात तो दोरखंडाबद्दल हेच विचारतो, की इतक्या आखूड तंतूंचा एवढा लांब आणि मजबूत दोर होतोच कसा. उत्तर आहे पीळ. पीळ दिलेला धागा ताणला की तंतू एकमेकांवर आणखी आवळले जातात, आवळले की घर्षण वाढतं, म्हणजे आपण जितकं ओढू तितकी पकड घट्ट होते. याचं नीट गणित मात्र इंग्लंडमधल्या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडलं. त्यांच्या मते घर्षण एका मर्यादेच्या वर गेलं की ताण एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोचत राहतो, आणि मग धागा कितीही लांब असला तरी तंतू घसरून सुटत नाहीत.

करून बघायचंय? सुती किंवा लोकरीचा एकेरी धागा घ्या, दोन बोटांत धरून उलट दिशेने फिरवत त्याचा पीळ पूर्ण काढा आणि हलकेच ओढा. तुटल्याचं कळतही नाही, नुसता सरकून वेगळा होतो. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यानंतर दोऱ्याकडे बघायची नजरच बदलते.

आणि खरं सांगायचं तर घरी आपण जे काही करत बसतो, शिवण, कागदकाम, चिकटवाचिकटवी, अगदी ब्रेडसुद्धा, त्या सगळ्याच्या मुळाशी हेच आहे, लांबट बारीक गोष्टी एकमेकींत अडकवायच्या. कापडात कापसाचे तंतू, कागदात लाकडाचे तंतू, मळलेल्या पिठात प्रथिनांच्या साखळ्या, गोंदात पॉलिमरच्या, म्हणजे लांबलचक रेणूंच्या, साखळ्या. एकदा हे डोक्यात बसलं की बऱ्याच सूचना, ज्या आपण नुसत्या पाठ केलेल्या असतात, त्यांचा अर्थ लागायला लागतो.

कापडाचंच घ्या. विणलेल्या कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. काठाच्या दिशेने ओढलं तर कापड फारसं ताणलं जात नाही कारण तुम्ही थेट धागाच ओढताय, पण कोपऱ्याकोपऱ्याने, म्हणजे ४५ अंशात ओढलं की तेच कापड मस्त लांबतं. यात धागे ताणले जात नाहीत, विणीतले छोटे छोटे चौकोन फक्त तिरके होऊन पतंगाच्या आकाराचे होतात. यालाच शिवणकाम करणारे उरेब म्हणतात, आणि गळ्याला किंवा मुंढ्याला लावायची पट्टी उरेबच का कापायची तर ती वळणावर चुणी न पडता बसते म्हणून. घेरदार स्कर्टचं खालचं टोक शिवायच्या आधी तो एक दिवस टांगून ठेवा असं सांगतात त्याचंही कारण हेच, गोल कापलेल्या घेरात काही भाग उभ्या धाग्यावर येतो काही उरेब येतो, उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, तो उतरून झाल्यावर कडा सारखी करायची. आणि सुती कापड शिवायच्या आधी धुवून घ्यायचं ते का? कारखान्यात धागे ताणलेल्या अवस्थेत विणले जातात, पाणी लागलं की ते सैल होऊन आपल्या मूळ लांबीकडे जातात. हे आकसणं शिवल्यानंतर होण्यापेक्षा आधी झालेलं बरं.

शिलाई मशीन तर माझ्या मते घरातलं सगळ्यात हुशार यंत्र आहे, विजेशिवायही चालतं तरी. हाताच्या सुईला नेढं मागच्या टोकाला असतं आणि अख्खी सुई कापडातून आरपार जाते, मशीनच्या सुईला नेढं पुढच्या टोकाशी असतं आणि ती कापडातून पूर्ण कधीच जात नाही. १८४६ मध्ये अमेरिकेत एलायस हाउने पेटंट घेतलं ते अशीच सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा वापरणाऱ्या मशीनचं. सुई खाली जाऊन किंचित वर यायला लागली की कापडाच्या पकडीमुळे एका बाजूचा दोरा तिच्याबरोबर वर येत नाही, सैल पडून फुगतो, छोटासा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी खालचा फिरता हुक तो फास पकडतो आणि बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाच्या, भोवती फिरवून आणतो, मग वरची दांडी दोरा खेचून घेते आणि दोन्ही दोऱ्यांची अढी कापडाच्या जाडीत मधोमध बसते. सगळा खेळ त्या फुगलेल्या फासाचा. सुई बोथट किंवा वाकलेली असेल तर कापड सुईसोबतच वरखाली होतं, फास नीट बनत नाही आणि टाके सुटतात, म्हणून टाके सुटायला लागले की आधी सुई बदला, वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकतीला नंतर हात लावा. खालच्या बाजूला दोऱ्याची गिचमिड होत असेल तर मात्र बहुतेक वेळा वरचाच दोरा चकतीत नीट बसलेला नसतो, हे खूप जणांना उलटं वाटतं, पण वरच्या दोऱ्याला रोखणारं काहीच नसलं की तो हुकाभोवती हवा तेवढा खाली जातो आणि तिथेच साठतो.

टीशर्टचं कापड वेगळं, त्यात ताणाबाणा नसतोच, एकमेकांत अडकलेले फासच फास. म्हणून ते ताणलं जातं, आणि म्हणूनच त्यावर सरळ टीप मारली तर पहिल्यांदा अंगात घालतानाच दोरा तटकन तुटतो. झिगझॅग टाका घ्या, त्यात जास्तीचा दोरा आधीच असतो.

आता मैदा. कोरड्या मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं नुसती पडून असतात, पाणी मिळालं की ती एकमेकांना धरतात आणि ग्लुटेनची जाळी होते. मळलं की ही जाळी ताणली जाते, पुन्हा जुळते, आणखी मजबूत होते, ब्रेडला हेच हवं असतं कारण यीस्टने सोडलेला वायू या जाळीतच कोंडून राहतो. केकला नेमकं हेच नको असतं. म्हणून केकच्या रेसिपीत मैदा घातल्यावर फार ढवळू नका असं लिहिलेलं असतं, तो उगाच सांगायचा नियम नाहीये, जास्त ढवळलं तर खरोखर जाळी घट्ट होते आणि केक चिवट होतो. बटर किंवा तेल मैद्याच्या कणांवर थर देतं आणि पाण्याला अडवतं, त्यामुळे जाळी कमी बनते.

मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट ही की बेकिंग पावडर केकमध्ये नवीन बुडबुडे जवळपास तयारच करत नाही. अगदी चिमुकल्या बुडबुड्यात पृष्ठताणामुळे आतला दाब प्रचंड असतो, म्हणून शून्यातून नवीन बुडबुडा जन्माला येणं फार कठीण, त्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड आधीच असलेल्या बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतो. मग ते आधीचे बुडबुडे येतात कुठून? बटर आणि साखर फेटताना. साखरेचे टोकदार कण बटरमध्ये हवा ओढून घेतात. ते फेटणं घाईत उरकलं तर नंतर कितीही पावडर घाला, तिला फुगवायला जागाच नसते. आणि पावडर जास्त झाली तर बुडबुडे फुगत फुगत एकमेकांत मिसळतात, वर येऊन फुटतात, केक मधोमध बसतो.

ही बेकिंग पावडर १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने बनवली, त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हतं म्हणून. घरगुती गरजेतून निघालेला शोध! सोड्याला गॅस सोडायला आंबट काहीतरी लागतं, दही, लिंबू, ताक, काहीही. पावडरमध्ये ते आम्ल कोरड्या रूपात आधीच मिसळलेलं असतं, इतकाच फरक. आंबट काही नसताना नुसता सोडा घातला तर तो उष्णतेने फुटतो खरा पण मागे धुण्याचा सोडा उरतो, आणि मग ती साबणासारखी चव येते.

ब्रेड शिळा होणं म्हणजे वाळणं, असं आपण धरून चालतो. १८५२ मध्ये बुसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की पाणी अजिबात उडून न जाताही ब्रेड कडक होतो. होतं असं की भाजताना फुगून मोकळा झालेला स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा रांगेत बसतो. फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगात होतं, त्यामुळे ब्रेड बाहेर ठेवा नाहीतर थेट फ्रीझरमध्ये टाका. कडक झालेला ब्रेड ६० अंशांच्या वर गरम केला की रांगा मोडतात आणि तो तात्पुरता मऊ होतो.

कागदालाही दिशा असते हे फार जणांना माहीत नसतं. मशीनवर कागद बनताना ओला लगदा एका दिशेने वाहतो आणि बहुतेक तंतू त्या दिशेला वळतात. जाड कार्डपेपर तंतूंच्या दिशेने घडी घातला तर घडी गुळगुळीत येते, आडवी घातली तर कडेला भेगा पडतात. दिशा ओळखायला कागदाची छोटी चौकोनी पट्टी एका बाजूने ओली करा, ती गुंडाळून नळी होईल, नळीची लांबी ज्या दिशेला त्या दिशेला तंतू. कारण तंतू पाण्याने लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. पुठ्ठ्यावर कागद चिकटवल्यावर पुठ्ठा वाकतो तोही याच कारणाने, मागच्या बाजूनेही तसाच कागद लावा आणि वाळेपर्यंत वजन ठेवा.

पांढरा गोंद पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो, म्हणून तो कागद, कापड, लाकूड अशा पाणी शोषणाऱ्या वस्तूंवरच चांगला बसतो. सुपरग्लूचं उलट आहे, त्याला हवेतला आणि पृष्ठभागावरचा थोडासा ओलावा लागतो, आणि थर जितका पातळ तितका तो पक्का. एक सांगतोच, सुपरग्लू सुती कापडावर किंवा कापसावर सांडू देऊ नका. तंतूंच्या एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर त्याची क्रिया एकदम होते आणि चटका बसेल इतकी उष्णता निघते.

हे सगळं करताना बरं का वाटतं यावरही अभ्यास झालेत. न्यूझीलंडमध्ये ६५८ तरुणांनी १३ दिवस रोजच्या नोंदी लिहिल्या, ज्या दिवशी काहीतरी सर्जनशील केलं, विणकाम, नवीन रेसिपी, चित्र, त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्साह वाढलेला दिसला. उलट दिशेने, म्हणजे आज मूड छान म्हणून उद्या हाताने काहीतरी करावंसं वाटलं, असं दिसलं नाही, आणि मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते, मूड येण्याची वाट बघायची गरज नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत ३९ जणांना ४५ मिनिटं माती, कोलाज, स्केचपेन घेऊन हवं ते करायला दिलं, साधारण ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं, आणि आधी अनुभव असण्यानसण्याने फारसा फरक पडला नाही. तुलनेला वेगळा गट नव्हता त्यामुळे यावर फार मोठा दावा करता येत नाही, तरी अनुभवाचा मुद्दा मनावर घ्यावा असा आहे. २०१२ चा एक अभ्यासही प्रसिद्ध आहे, लोकांना स्वतः घडी घालून केलेला ओरिगामी पक्षी तज्ज्ञाने केलेल्याइतकाच मौल्यवान वाटत होता, बाकीच्यांना तोच पक्षी चुरगळलेला कागद वाटला तरी. पण काम अर्धवट राहिलं किंवा जोडलेली वस्तू पुन्हा मोडली तर हा परिणाम जात होता. त्यामुळे नवीन असाल तर एका बैठकीत संपेल असंच काहीतरी घ्या, आठ तुकड्यांचा ड्रेस नको, कापडी पिशवी घ्या.

आणि पिशवी झाली की तिच्यावर एक लाल एलईडी शिवून बघा. वीज वाहणारा दोरा मिळतो, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तंतूंना पीळ देऊन बनवलेला किंवा नायलॉनवर चांदीचा थर असलेला. ३ व्होल्टचं बटण सेल, एलईडी आणि दोन वेगळ्या धावदोऱ्याच्या ओळी, एवढ्यात काम होतं, फक्त दोन ओळी एकमेकींना कुठेही टेकता कामा नयेत, मागची सुटी टोकं तर अजिबात नाहीत. स्टीलचा दोरा कडक असतो, त्याची गाठ आपोआप सुटते आणि दिवा लुकलुकायला लागतो, म्हणून गाठीवर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब टाका. धुवायच्या आधी सेल काढा, आणि घरात लहान मूल असेल तर सेल उघडा राहील अशा जागी लावूच नका, तो गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, तेव्हा पिशवीच्या आत झाकणाचा खिसा शिवा आणि त्याला पक्की टीप मारा.