आमदारांचा गट म्हणजे पक्ष नव्हे, कितीदा सांगायचं

ठाण्यात तलावपाळीच्या बाकड्यावर बसा नाहीतर सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा, एकच सूर असतो, पक्षांनी लोकशाहीची वाट लावली, पक्षच नकोत. राग समजतो मला, पण बहुतेक वेळा लोक चिडलेले असतात विधिमंडळ पक्षावर आणि शिव्या खातो राजकीय पक्ष.

विधिमंडळ पक्ष तुम्हाला माहितीच आहे, टीव्हीवर रोज तोच दिसतो. एका पक्षाचे सभागृहातले आमदार, त्यांचा गटनेता, बस.

खरी गल्लत पुढे आहे. राजकीय पक्ष म्हणजे त्याची स्वतःची घटना, सदस्य, पदाधिकारी, शाखा. आमच्या रस्त्यावरच्या शाखेत संध्याकाळी एक काका बसतात, पुढ्यात लांबडं रजिस्टर, कुणाचं पाणी आलं नाही, कुणाला दाखला हवाय, सगळं पेनाने लिहून घेतात. कधी निवडणूक लढले नाहीत, पण पक्ष त्यांचाही आहे, आणि आमदार निवडून येतो तो यांच्या पायपिटीवर. सोसायटीचंच बघा ना, कमिटीतल्या सातपैकी पाच जणांनी ठरवलं की आम्ही शेजारच्या बिल्डिंगबरोबर, म्हणून जनरल बॉडीला न विचारता सोसायटी तिकडे जाते का?

सुप्रीम कोर्टाने शिवसेनेच्या फुटीवरच्या ११ मे २०२३ च्या निकालात हेच स्पष्ट केलं, की प्रतोद (सभागृहात कसं मत द्यायचं याचा आदेश आमदारांना देणारा) आणि गटनेता नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. त्या वादात खरं कोण होतं ते बाजूला ठेवा, हे तत्त्व तेवढं लक्षात ठेवा.

आणि ते 'दोन तृतीयांश आमदार फुटले की आमदारकी वाचली' म्हणणं बंद करा राव, चॅनलवाले तर छातीठोक सांगतात. पक्षांतरबंदी, म्हणजे पक्ष सोडला तर आमदारकी जाणार हा नियम, आला १९८५ ला, राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातून. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होतं, ती पळवाट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. दोन तृतीयांश हा आकडा विलीनीकरणाचा, म्हणजे पक्ष दुसऱ्या पक्षात मिसळण्याचा आहे, फुटीचा नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे, पक्ष हवेतच. पक्ष नसेल तर निवडून आलेला माणूस कुठल्या वचनाला बांधलेला राहणार, आणि पाच वर्षांनी जाब कुणाला विचारायचा? नुकसान होतं ते मूठभर आमदार स्वतःलाच पक्ष समजायला लागले की. उलट बाजूचाही दोष आहे, पक्षात आतल्या निवडणुका नावापुरत्या होतात, मग त्या शाखेतल्या काकांचं मत विचारतो कोण? मला विचाराल तर दुरुस्ती तिथून सुरू व्हायला हवी.

नगरसेवकांना दहावं परिशिष्ट लागू नाही हेही जाता जाता सांगतो, त्यांच्यासाठी राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. घोळ मात्र तोच. पालिकेचा निकाल लागला की ठाण्याचे नगरसेवक गटनोंदणीला बेलापूरला कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे जातात आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, पक्षाची नोंदणी झाली. नोंद झालेली असते नगरसेवकांच्या गटाची, काकांचं रजिस्टर तिकडे कुणी मागत नाही.