अंगठ्याला पाळण्याची दोरी

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असायचं, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी. हात विडीवर, पाय पाळण्यावर. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने आणि काम घरातच, त्यामुळे मूल झालं म्हणून कमाई फार दिवस अडत नसे. थोरली आठ-नऊ वर्षांची झाली की धाकट्याला कडेवर घ्यायला हाताशी यायची. त्यातली सगळी जगतीलच याचा भरवसा नव्हता. अशा घरात पाचवं मूल कुणाला जड वाटणार?

सरकारी बाजू जरा गमतीची आहे. म्हैसूर संस्थानाने १९३० सालीच संततिनियमनाची सरकारी केंद्रं उघडली. बेळगाव मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे सीमा तेव्हाही आडवी आली, फक्त उलट्या बाजूने! देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ चा. जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला १९५६ ला. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीची जी सक्ती झाली, तिच्या धसक्याने पुढे पुरुष बाजूलाच झाले आणि बिनटाक्याचं ऑपरेशन बायकांच्या वाट्याला आलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकाचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १९९२-९३ मध्ये २.९ च्या आसपास होता, २०१९-२१ मध्ये १.७ झाला. लसीकरणाने मुलं जगू लागली, वाटण्यांनी शेताचे तुकडे पडले, शाळेची फी आली आणि थोरली कडेवरचं पोर खाली ठेवून वर्गात गेली. माझ्या मते या शेवटच्या गोष्टीचा वाटा सगळ्यात मोठा.

लग्नाचं वय मात्र मागेच रेंगाळलं. कायद्याने १९७८ पासून अठरा. तरी याच २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं. म्हणजे मुलं कमी झाली, पण ती लवकर उरकून. तांबी बसवून अंतर ठेवण्यापेक्षा दोन झाली की ऑपरेशन, हीच रीत.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे असलं तर कन्नडमधलं तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) घेऊन महाराष्ट्रातल्या दवाखान्यात. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर ऑपरेशनचं लगेच ठरतं. दुसरीही मुलगीच झाली तर “अजून एकदा बघू” म्हणतात, आणि ते म्हणणारी बहुधा बाळंतीण नसते.