अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी: पात्रता, कागदपत्रं आणि जोडीदाराची निवड

आपल्याकडे पक्षाचं तिकीट म्हणजे ए-बी फॉर्म. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्यापुढे ठेवला की काम झालं. तो कोणाला द्यायचा ते श्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत असा फॉर्म खिशात घेऊन बसलेला श्रेष्ठी नाही. तिकडे उमेदवार ठरतो राज्याराज्यांतल्या मतदारांकडून, पाच-सहा महिने चालणाऱ्या प्राथमिक फेऱ्यांमधून. जोडीदाराचं, म्हणजे उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव मात्र तो उमेदवार जवळजवळ एकट्याने ठरवतो, आणि त्यासाठी अर्जाचा कुठलाही नमुना नाही.

आधी पात्रता. राज्यघटनेच्या अटी तीनच: जन्माने नागरिक, वय किमान ३५, देशात १४ वर्षं वास्तव्य. दोनदा निवडून आलेल्याला तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही. उपाध्यक्षालाही हेच निकष लागतात. पहिली अट आपल्या लोकांना आडवी येते. मूळचे चिकोडीचे, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहात पोचले, पण नागरिकत्व नंतर घेतलेलं असल्याने राष्ट्राध्यक्षपदाचं दार त्यांना बंद. तिकडेच जन्मलेले विवेक रामस्वामी आणि निकी हेली २०२४ साठी रिंगणात उतरू शकले. मूल पुण्यात जन्मलं आणि आई अमेरिकन नागरिक असेल तर? कॅनडात जन्मलेले टेड क्रूझ २०१६ मध्ये याच आधारावर लढले. वाद बराच झाला, पण सर्वोच्च न्यायालयाने यावर आजवर निकाल दिलेला नाही.

कागदपत्रांची सुरुवात अगदी साधी. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त निधी जमला किंवा खर्च झाला की कायद्याने तुम्ही उमेदवार. त्यानंतर १५ दिवसांत फेडरल निवडणूक आयोगाकडे फॉर्म २ द्यायचा: नाव, पत्ता, पक्ष, पद आणि प्रचार समितीचं नाव. पुढच्या १० दिवसांत समितीची नोंदणी, म्हणजे फॉर्म १. शिवाय मालमत्ता, उत्पन्न आणि कर्जाचं विवरणपत्र. प्राप्तिकराची विवरणपत्रं जाहीर करणं मात्र कायद्याने बंधनकारक नाही. फॉर्म २ भरताना आयोग वयाचा दाखलासुद्धा मागत नाही. २०१५ मध्ये आयोवातल्या एका १५ वर्षांच्या मुलाने टोपणनावाने तो भरला आणि देशभर हसू पिकलं. या फॉर्मने कुठल्याही मतपत्रिकेवर नाव येत नाही, हे त्यातलं इंगित.

मतपत्रिका राज्यांच्या हातात, आणि प्रत्येक राज्याचा हिशोब वेगळा. न्यू हॅम्पशायरमध्ये एक अर्ज आणि हजार डॉलर शुल्क, बस्स. २०२४ च्या नेवाडा कॉकससाठी, म्हणजे पक्षाने स्वतः भरवलेल्या मतदारांच्या सभांसाठी, तिथल्या रिपब्लिकन पक्षाने ५५ हजार डॉलर मागितले. व्हर्जिनियात सह्या लागतात, आणि सगळ्या एकाच भागातल्या चालत नाहीत. २०१२ मध्ये १० हजार सह्यांची अट होती, अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) प्रत्येक मतदारसंघातून किमान ४००. रिपब्लिकन इच्छुक न्यूट गिंग्रिच स्वतः व्हर्जिनियात राहत होते, तरी त्यांच्या सह्या छाननीत कमी पडल्या. रिक पेरीही बाद झाले. मतपत्रिकेवर उरले मिट रॉमनी आणि रॉन पॉल. पुढे ही अट निम्म्यावर आली.

मतं थेट उमेदवाराच्या खात्यात जात नाहीत, त्यांतून डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारासाठी मत देणारे प्रतिनिधी, मिळतात. डेमोक्रॅट पक्षात सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर हाती भोपळा, वर गेलात तर प्रमाणात वाटा. रिपब्लिकन पक्षात काही राज्यं पहिल्याला सगळंच देऊन टाकतात. २०२४ मध्ये त्यांचे २,४२९ डेलिगेट होते, म्हणजे बहुमताला १,२१५.

तुम्ही स्वतः तिकडे असाल तर: नोकरीच्या एच-१बी व्हिसावर मतही नाही आणि देणगीही नाही. ग्रीन कार्डवर मत नाही, पण देणगी देता येते. नागरिक झाला असाल तर राज्याचा नियम आधी बघा. न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नोंद नसलेला मतदार त्याच दिवशी पक्ष निवडून मत देऊ शकतो. पण आधी डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तर ५५ दिवस आधी ती बदलावी लागते. पुण्यात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांना डेमोक्रॅट्स अब्रॉड या पक्षाच्या परदेशातल्या शाखेच्या प्राथमिक फेरीत मत देता येतं. रिपब्लिकनांची अशी जागतिक फेरी नाही.

आता जोडीदार. पूर्वी हे पक्षाचे पुढारी अधिवेशनात ठरवत. १९५६ मध्ये अॅडले स्टीव्हन्सन या डेमोक्रॅट उमेदवाराने निवड अधिवेशनावर सोपवली आणि एस्टेस केफॉव्हर यांनी जॉन केनेडींना हरवलं. १९७२ मध्ये त्याच पक्षाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी घाईत टॉमस ईगलटन यांना घेतलं. नैराश्यासाठी ईगलटन यांनी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं बाहेर आलं आणि अठराव्या दिवशी त्यांना माघार घ्यावी लागली. पुढच्या खेपेला जिमी कार्टर यांनी इच्छुकांच्या सविस्तर मुलाखती घेऊन वॉल्टर माँडेल निवडले. तेव्हापासून पडताळणी कडक झाली: अनेक वर्षांची करविवरणपत्रं, वैद्यकीय कागद, कर्जं, खटले, जुनी भाषणं, नवऱ्याचा किंवा बायकोचा व्यवसाय. कायदा यातला बहुतेक भाग मागत नाही, उमेदवाराचे वकील मागतात. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी हे काम माजी अॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्याकडे दिलं आणि बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतल्यापासून ६ ऑगस्टला टिम वॉल्झ यांचं नाव जाहीर होईपर्यंत जेमतेम सोळा दिवस मिळाले.

नाव जाहीर झालं तरी अधिवेशनात मंजुरी लागते, आणि मग पक्षाचं प्रमाणपत्र प्रत्येक राज्याकडे मुदतीत पोचवावं लागतं. २०२४ मध्ये ओहायोची मूळ मुदत डेमोक्रॅटांच्या अधिवेशनाच्या आधीच संपत होती. ती नंतर वाढवली गेली, तरीही डेमोक्रॅटांनी धोका न पत्करता डेलिगेटांचं मतदान आधीच ऑनलाइन उरकलं.

एक कलम भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं. बाराव्या घटनादुरुस्तीनुसार निर्वाचक, म्हणजे राज्यांच्या वतीने राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्यातल्या दोघांना मत देऊ शकत नाहीत. २००० साली जॉर्ज बुश टेक्सासचे, आणि त्यांच्यासाठी जोडीदार शोधणारे डिक चेनीही तेव्हा टेक्सासात राहत होते. शोधता शोधता चेनींचंच नाव ठरलं. घोषणेच्या काही दिवस आधी त्यांनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. त्या निवडणुकीत त्यांच्या जोडीला २७१ निर्वाचक मतं मिळाली, लागत होती २७०. त्यांत टेक्सासची होती ३२, आणि चेनी टेक्सासचेच राहिले असते तर ती दोघांनाही मिळू शकली नसती.