हुजऱ्या

हुजऱ्या (पुल्लिंगी, अनेकवचन हुजरे) हा वरिष्ठाच्या मर्जीसाठी स्वाभिमान गहाण टाकणाऱ्या माणसाला उद्देशून वापरला जाणारा हेटाळणीचा शब्द असून, हुजरेगिरी हे त्याचे भाववाचक रूप आहे. त्याच्या मुळाशी ‘हुजूर’, म्हणजे उपस्थिती किंवा सन्निधता, हा फारसीतून मराठीत आलेला अरबी शब्द आहे. हजर, हजेरी आणि हजरत हे शब्दही त्याच धातूचे.

दरबारी व्यवहारात धन्याच्या सन्निध जे जे असेल ते ‘हुजूर’चे ठरे. पेशव्यांचे मुख्य दफ्तर ते हुजूर दफ्तर, त्यांच्या थेट हुकमतीखालील फौज ती हुजुरात. १७६१ साली पानिपतावर हीच हुजुरात मराठी सैन्याच्या मध्यभागी उभी होती. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागी आलेल्या पुण्यातील मुलींच्या शाळेला, जिची स्थापना १८८४ सालची आहे, लोक आजही हुजूरपागा म्हणतात. हुजऱ्या हा अशाच सन्निधतेतला चाकर होता आणि त्याच्या नावात मूळचा काहीही कमीपणा नव्हता.

एकाच मुळाच्या शब्दांपैकी फौजेचा शब्द मानाचा राहिला आणि चाकराचा मात्र शिवी झाला, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. पोटासाठी चाकरी करणाऱ्याला धन्यासमोर वाकण्यावाचून पर्याय नव्हता. आज मात्र हा शब्द पर्याय असूनही वाकणाऱ्यासाठी वापरला जातो, आणि त्यात जुन्या चाकरावर अन्याय होतो. ‘मी कुणाची हुजरेगिरी करणार नाही’ असे म्हणणाऱ्याचा रोख कष्टाच्या नोकरीवर नसून लाचारीवर असतो.

जवळच्या अर्थाचे शब्द मराठीत पुष्कळ आहेत: होयबा, लाळघोट्या, तोंडपुज्या. मालकाने ढोलकीवर गुबुगुबु आवाज काढून ‘यंदा पाऊस पडेल का?’ असे विचारताच झूल पांघरलेला नंदीबैल मान हलवतो, त्यावरून प्रत्येक गोष्टीला मान डोलावणाऱ्यालाही नंदीबैल म्हणतात. ‘गोंडा घोळणे’ हा वाक्प्रचार कुत्र्याच्या शेपटीवरून आला आहे.

अलीकडे ‘चमचा’ या शब्दाने हुजऱ्याला बरेच मागे सारले आहे. पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, कांशीराम यांनी ‘द चमचा एज’ या इंग्रजी पुस्तकात त्या शब्दाला राजकीय व्याख्या दिली: चमचा स्वतःहून चालत नाही, त्याला चालवणारा हात दुसऱ्याचा असतो.